फाटलेल्या आवाजाची गोष्ट

आपल्या मराठीत आवाजाच्या दुखण्यांना शब्द भरपूर आहेत. आवाज बसतो, घोगरा होतो, चिरकतो, कापरा होतो आणि शेवटी फाटतो. फाटलेल्या आवाजाच्या माणसाला शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कोणी गायला उभं करत नाही. पण याच मराठीत एक शब्द असा आहे, की जो खरं पाहता या दुखण्यांच्याच जातीचा, आणि तरी आपण तो कौतुकाने वापरतो. तो शब्द म्हणजे 'जवारी'. 'गळ्याला काय सुंदर जवारी आहे' असं आपण म्हणतो तेव्हा स्वराला जी किंचित खरखरीत, झगझगीत कड असते, तिचंच ते कौतुक असतं. तानपुऱ्याची जवारी गेली की तो मुका वाटतो. म्हणजे स्वर अगदी गुळगुळीत असून भागत नाही. तो थोडा 'बिघडलेला' असावा लागतो!

आज हे आठवायला निमित्त आहे इलेक्ट्रिक गिटारचं. मंडळी, दचकू नका. मी बी.ए. झालो तो मराठी माध्यमातून, पोटासाठी जन्मभर शाळेत शिकवलं, आणि गाणं म्हणजे आकाशवाणीवरचं, एवढंच आमचं वळण. पण आमच्या प्रताप नगरातल्या घराच्या वरच्या खोलीत इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी भाड्याने राहतो. अभ्यास सांभाळून गिटार वाजवतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' नावाचा संगीतप्रकार जोरात होता. त्यातल्या गिटारचा जो चकचकीत आणि कुरकुरीत आवाज आहे, तो त्याला घरच्या घरी हुबेहूब काढायचा आहे. या आवाजाला ते लोक 'क्रंच' म्हणतात. तळलेली कुरडई दाताखाली मोडताना येतो तसा, म्हणा ना. दोन महिने तो त्याच्या मागे आहे. शेजारपाजारच्या ज्येष्ठांचं म्हणणं असं, की हा आवाज मुळात संगीतच नाही, नुसतं यंत्र बिघडल्याचा गोंगाट आहे. गोंगाट आणि नाद यांच्यातली रेघ नेमकी कुठे असते, हा प्रश्न मात्र मला सोडवेना. म्हणून थोडं वाचलं, थोडं त्या मुलाला विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी हा आवाज फाटतो म्हणजे काय होतं ते पाहू. गणपतीच्या मंडपात एखादा उत्साही कार्यकर्ता माइक तोंडाला लावून ओरडतो तेव्हा भोंग्यातून जे चरचरीत काहीतरी बाहेर पडतं, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. प्रत्येक ॲम्प्लिफायरची एक मर्यादा असते. आवाजाची लाट त्या मर्यादेच्या वर जाऊ लागली की तिचं डोकं छाटलं जातं. गोल टेकडीचं पठार होतं. आता गंमत अशी, की अशा छाटलेल्या लाटेत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे नवे स्वर आपोआप तयार होतात. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली की सेकंदाला ११० कंपनं होतात. तिचा आवाज छाटला की ३३०, ५५०, ७७० ही कंपनंही ठळक ऐकू येऊ लागतात. ११० ला षड्ज धरलं तर ३३० म्हणजे वरचा पंचम, ५५० म्हणजे त्याच्याही वरचा गंधार आणि ७७० हा कोमल निषादाच्या जवळचा. म्हणजे आवाज 'बिघडला' म्हणताना त्यात काही तरी कमी झालेलं नसतं, उलट भर पडलेली असते. फार छाटलं तर नुसता कर्कश गोंगाट. अगदी थोडं, फक्त जोरात छेडल्यावर टोकं तुटतील इतकंच छाटलं, तर तो क्रंच.

गिटारला वीज जोडली गेली ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. जॉर्ज बीचम या वादकाने तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवून तारेच्या कंपनाचं विजेत रूपांतर केलं. १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीने ती गिटार बाजारात आणली. ती दिसायला तव्यासारखी, म्हणून तिचं टोपणनावच 'फ्रायिंग पॅन' पडलं. त्यानंतरची वीसेक वर्षं सगळे इंजिनिअर एकाच खटपटीत होते, की आवाज मोठा व्हावा पण शुद्ध राहावा. फाटणं हा दोषच होता.

त्या दोषाचा गुण केला तो अपघातांनी आणि काही खोडकर पोरांनी. १९५१ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. वाटेत वादकांचा ॲम्प्लिफायर मोडला, स्पीकरचा कागदी पडदा निकामी झाला. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी त्यात कागदाचा बोळा कोंबला आणि तसंच मुद्रण केलं. तो घरघरता आवाज लोकांना आवडला. १९५८ मध्ये लिंक रे नावाच्या वादकाने स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने मुद्दाम भोकं पाडली. १९६१ मध्ये नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत यंत्रातल्या बिघाडामुळे गिटारचा आवाज विचित्र गुरगुरला. तो इतका गाजला, की १९६२ मध्ये तसा आवाज काढणारी पायाने दाबायची डबीच विक्रीला आली. आणि १९६४ मध्ये लंडनमधल्या 'द किंक्स' या बँडच्या डेव्ह डेव्हीस या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या छोट्या हिरव्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरवर दाढीच्या ब्लेडने चिरे मारले. त्यातून निघालेलं गाणं, 'यू रियली गॉट मी', इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

या किंक्सची गोष्ट इथेच संपत नाही. १९६५ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाला जाताना त्यांचा मुक्काम मुंबईत पडला. डेव्हचा थोरला भाऊ रे डेव्हीस पहाटे समुद्रावर गेला. तिथे कामाला निघालेले मच्छीमार एका सुरात काही म्हणत होते. ते त्याच्या कानात असं बसलं, की त्याच वर्षी जुलैमध्ये किंक्सचं 'सी माय फ्रेंड्स' हे गाणं आलं. त्यात गिटार तानपुऱ्यासारखी एकाच स्वरावर घुमत राहते. बीटल्सच्या गाण्यात सतार वाजली ती त्यानंतर, डिसेंबर १९६५ मध्ये. म्हणजे ज्या घरातल्या एका भावाने स्पीकर फाडला, त्याच घरातल्या दुसऱ्या भावाला मुंबईच्या किनाऱ्यावर घुमणारा आधारस्वर सापडला. हा निव्वळ योगायोग नसावा असं मला का वाटतं, ते पुढे येईलच.

त्या काळचे ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचे असत. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीचा 'एसी ३०' हा ॲम्प्लिफायर या चकचकीत क्रंचसाठी अजूनही आदर्श मानतात. त्यात ईएल ८४ नावाचे चार व्हॉल्व्ह असतात. हाच व्हॉल्व्ह घरगुती रेडिओंमध्येही सर्रास वापरला जाई, आणि आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला. लावल्यावर मिनिटभर तापणारा, मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसणारा रेडिओ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. व्हॉल्व्हचा गुण असा, की तो लाटेचं डोकं कुऱ्हाडीने तोडल्यासारखं तोडत नाही, हळूहळू दाबत नेतो. म्हणून त्याचं फाटणं कानाला गोड लागतं. पुढे ट्रान्झिस्टरच्या डब्या आल्या. जपानच्या बॉस कंपनीची 'डीएस १' ही १९७८ मधली. तीच पुढे 'निर्वाणा' बँडच्या कर्ट कोबेनने वापरली. या डबीचा रंग आपल्या संत्र्याचा, हे नागपूरकर म्हणून नोंदवून ठेवतो. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम सप्टेंबर १९९१ चा. माझ्या भाडेकरूचं सगळं दैवत या काळातलं आणि या आवाजातलं.

आपल्याकडे हे सगळं नव्हतं असं नाही. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यकलावंत दांपत्याचा मुलगा नंदू भेंडे हा सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गात होता. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक रंगभूमीवर आणलं, त्यात जूडासची भूमिका नंदूची. २०१४ मध्ये तो गेला. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड निघाला, त्याचा गिटारवादक महेश तिनईकर. १९९३ मध्ये त्या बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळा भरू लागला, तिथे गावोगावची पोरं जमत. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य मागवणं म्हणजे आयातीचे निर्बंध, जबर जकात आणि कुणीतरी नात्यातलं माणूस परदेशातून यायची वाट पाहणं. नोटेशन नाही, शिक्षक नाही. कॅसेट मागेपुढे करत कानाने आवाज शोधायचा. ऐकून ऐकून उतरवून घेण्याची ही पद्धत आपल्या घराण्यांच्या तालमीपेक्षा फार वेगळी होती असं मला वाटत नाही.

आता जवारीकडे येतो. त्यासाठी नागपूरच्याच एका जुन्या रहिवाशाचं नाव घ्यावं लागेल. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१० मध्ये सरकारी वित्त खात्यातले तरुण अधिकारी म्हणून नागपुरात होते. वर्षभराच्या आत त्यांची कलकत्त्याला बदली झाली. नोकरी हिशेबाची, पण जीव नादात अडकलेला. १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. युरोपातल्या वाद्यांचा एक नियम आहे, की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर ऐकू येत नाही. रामन यांनी दाखवलं, की आपला तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जो उपस्वर नसायला हवा, तोही तिथे दणदणीत हजर असतो. कारण घोडीची घडण. व्हायोलिनच्या घोडीला धार असते, तार एका बिंदूवर टेकते. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या उतारावर पुनःपुन्हा घासते, तिला मोकळं डोलू दिलं जात नाही, आणि त्या अडवणुकीतून उपस्वरांची रांग उभी राहते. शिवाय तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात, तो केसभर इकडचा तिकडे झाला तरी झळाळी बदलते. एका ठिकाणी लाट ॲम्प्लिफायरच्या मर्यादेला आपटते, दुसऱ्या ठिकाणी हाडाच्या किंवा लाकडाच्या उताराला. लाटेला अडवून तिच्यातून उपस्वर काढायचे, हे तत्त्व एकच.

ही करामत हाताने करणारे लोक आपल्या मिरजेत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे सतारी-तानपुरे बनतात. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातले आद्य पुरुष. त्यांचं घराणं मूळचं हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं. तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्या हातांनी घोडी घासायला घेतली. वाद्याचे भोपळे येतात पंढरपूर-बेगमपूरच्या बाजूने. जवारी काढणारा कारागीर कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा घासतो. मोजपट्टी नाही, सूत्र नाही. खुली जवारी हवी की बंद, हे वाजवणाऱ्याला विचारायचं आणि कानाने गाठायचं.

दोन्हींमध्ये एक महत्त्वाचा फरकही आहे. तानपुऱ्यात प्रत्येक तार आपापल्या जागी घासते, एकीची झळ दुसरीला लागत नाही. गिटारच्या सगळ्या तारा मात्र एकाच ॲम्प्लिफायरमध्ये एकदम छाटल्या जातात, त्यामुळे स्वर एकमेकांत मिसळून त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. स्वरांचं नातं सरळ नसेल तर चिखल होतो. म्हणून रॉकवाले फाटलेल्या आवाजात पूर्ण कॉर्ड सहसा टाळतात. मधला गंधार काढून टाकतात आणि फक्त षड्ज-पंचम वाजवतात. त्याला त्यांचा शब्द 'पॉवर कॉर्ड'. आता हिशेब करून पाहा. षड्ज ११०, पंचम १६५. वजाबाकी ५५, म्हणजे खालचा षड्ज. बेरीज २७५, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार! जो स्वर हाताने वाजवलाच नाही, तो नादातून आपोआप उभा राहतो. तानपुऱ्याच्या खर्जातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधाराबद्दल आपण किती भक्तिभावाने बोलतो. तिकडे अमेरिकेतल्या गॅरेजमधली पोरं, स्वरशास्त्राचा गंध नसताना, नुसत्या कानाने षड्ज-पंचमाच्या त्याच जोडीपाशी पोचली. रे डेव्हीसला मुंबईचा घुमणारा सूर का भावला असेल, याचं उत्तर मला इथे दिसतं. घरात ज्याची गोडी लागलेली होती, तेच त्याला समुद्रकाठी वेगळ्या वेशात भेटलं.

तर माझ्या भाडेकरूने शेवटी काय काय केलं, ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. कुणा वाचकाचा नातू याच खटपटीत असेल तर उपयोगी पडेल. पहिलं म्हणजे नव्या तारा, कारण जुन्या तारांत चकाकीच उरत नाही. दुसरं, घोडीजवळचा पिकअप निवडायचा. तिथे उपस्वर जास्त मिळतात. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, 'गेन' म्हणजे फाडण्याचं बटण वाटतं त्याच्या निम्म्यावर ठेवायचं. रेकॉर्डवर जो आवाज भरगच्च वाटतो, तो बहुतेक वेळा एकच भाग दोनदा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या कानाला दिल्यामुळे वाटतो, जास्त फाडल्यामुळे नव्हे. चौथं, खालचे जाड स्वर फाडण्याच्या आधीच कमी करायचे, नाही तर सगळं लापशीसारखं होतं. पाचवं, मधले स्वर कापायचे नाहीत. एकट्याने ऐकताना ते नाकातले वाटतात, पण ढोल आणि बेसच्या गर्दीतून गिटार वर येते ती त्यांच्यामुळेच. आणि सहावं, गिटार थेट कॉम्प्युटरला जोडली तर माश्या घोंघावल्यासारखा आवाज येतो. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार कंपनांच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही. ती चाळणी कॉम्प्युटरमध्ये नक्कल करून बसवावी लागते.

या सहाही गोष्टी यादीत मावतात. यादीत मावत नाही ती सातवी. तारेवर घाव किती जोराचा घालायचा? हळू छेडलं तर स्वर स्वच्छ राहावा आणि जोरात छेडलं तरच कड फुटावी, हा तोल हाताला आणि कानालाच कळतो. त्या मुलाचे दोन महिने गेले ते याच्यात. बटणं पहिल्या आठवड्यातच लागली होती.

आणि म्हणूनच मला थोडी काळजी वाटते. आता फाटलेला आवाजही मोबाइलच्या पडद्यावर तयार मिळतो. एका बोटाने एसी ३०, दुसऱ्या बोटाने डीएस १. तानपुऱ्याचंही तेच झालं आहे. पेटीतला इलेक्ट्रॉनिक तानपुरा येऊन चार दशकं उलटली, आता तो फोनमध्ये बसला. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. एकट्याने रियाज करणाऱ्याला त्याचा आधारच आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही आनंद आहे. पण मानांकन वाद्याला मिळतं, कानाला नाही. घोडी घासणारा कारागीर नेमका कुठे थांबतो, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. एक घास कमी पडला तर तानपुरा मुका, एक घास जास्त झाला तर कर्कश. ते थांबणं एका हातातून दुसऱ्या हातात जातं. मधली एक पिढी रिकामी गेली की साखळी तुटली. स्पीकरवर चिरे मारणाऱ्या मुलापाशीही तेच ज्ञान होतं, वयाच्या सतराव्या वर्षी. त्याने स्पीकर फोडून टाकला नाही, वाजता राहील इतकाच फाडला.

तेव्हा शेजाऱ्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की नाद आणि गोंगाट यांच्यातली रेघ यंत्रात नाही. स्वर बिघडवणं कुणालाही जमतं. किती बिघडवायचा आणि कुठे हात आवरायचा, हे ज्याला कळलं तो मिरजेचा असो की मेम्फिसचा, एकाच घराण्यातला. तुमच्या घरात कोपऱ्यात गवसणीत घातलेला तानपुरा असेल, तर यंदा त्याची जवारी काढून घ्या. मिरजेचे कारागीर अजून गावोगाव हिंडून ते काम करतात. आणि काढायला बसतील तेव्हा घरातल्या गिटारवाल्या पोराला शेजारी बसवा.

असो. बाकी पुन्हा केव्हातरी.